मागच्या जन्मीचं नव्हे, शनिवारचं

माझ्या लाडक्या दोघांना,

परवा फोनवर धाकटी सांगत होती, की मैत्रिणीचं घर सांभाळायला घेतलं होतं, खिडकी उघडी राहिली आणि मैत्रिणीचं मांजर पळालं. वर म्हणाली, “जाऊ दे आजी, माझं कर्माच वाईट आहे.” थोरला मागून हसला. मांजर दुसऱ्या दिवशी सापडलं हे तिनं अगदी शेवटी सांगितलं. खरं तर ते पहिल्या वाक्यात यायला हवं होतं. पण माझं लक्ष मांजरावरून केव्हाच उडालं होतं. तो ‘कर्मा’ ऐकून मला आमच्या शाळेतले सायन्सचे सर आठवले आणि वाटलं, आता हे लिहूनच काढावं. फोनवर मला नीट सांगता येत नाही. तुम्ही मध्येच ‘हॅलो, हॅलो’ करता.

इतक्या वेळा सगळं सोडून दिलेला आणि तरी सगळ्यांत इतका गुंतलेला दुसरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. सत्तरनंतरची ती वर्षं. मी सोलापुरात मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि सर विज्ञान शिकवत. ते मूळचे केम गावचे. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. छप्पन साली त्या घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा सर कॉलेजात होते. “वडलांनी ऐकून घेतला, मी वाचून घेतला,” असं ते म्हणत, आणि वाचलेलं सगळं करून बघायची त्यांना खोड होती. दर पौर्णिमेला ते स्वतःची झडती घेत. कोणत्या वस्तूवर आपला जीव जडला आहे ते शोधून काढायचं आणि ती दुसऱ्याला देऊन टाकायची, हा नेम. एका पौर्णिमेला त्यांनी घरचा टेबलफॅन शाळेच्या प्रयोगशाळेला दिला, आणि मग सगळा उन्हाळा, शाळा सुटली तरी, दिवेलागणीपर्यंत प्रयोगशाळेतच बसून वह्या तपासल्या. दुसऱ्या पौर्णिमेला सायकल शाळेच्या शिपायाला दिली. दुसऱ्या दिवसापासून शिपाई सायकल चालवी आणि सर मागं कॅरिअरवर बसून, “अरे चढावर आधीच जोर धर, चेन आवळते ती!” असं सांगत शाळेत येत. त्यांच्या बायकोला मी वैनी म्हणत असे. त्या एकदा मला म्हणाल्या, “आसक्ती ह्यांची सुटती, आन् पंखा माझा जातो की, बाई! पुनवंला मी चांगलं लुगडंच नेसत न्हाय. ह्यांची नजर पडली तर?”

पण सरांची खरी ख्याती होती ती एका प्रश्नाची. आपल्याकडं दूध उतू गेलं, बस चुकली, पोरगं नापास झालं, की बायका कपाळावर हात मारून ‘कर्म माझं!’ म्हणतात. हे दोन शब्द सरांच्या कानावर पडले, की ते हातातला खडू खाली ठेवत आणि फार अदबीनं विचारत, “कोणतं, बाई? केव्हा केलंत?” शाळेत चहा करणाऱ्या मावशींना तर त्यांनी जेरीला आणलं होतं. दुधाचं पातेलं उतू गेलं, मावशी सवयीनं बोलून गेल्या आणि सर दारात हजर. “मावशी, स्टो मोठा होता आणि तुम्ही खिडकीतून वरात बघत होता. ह्यात कर्म कुठं आलं?” मावशी फणकारल्या, “मग काय म्हनू? ‘स्टो माझा’ म्हनू?” त्यावर सर बाकावर बसून त्यांना समजावू लागले. बुद्धाच्या मते कर्म म्हणजे मनातला हेतू. जाणूनबुजून जे करतो ते कर्म. माणसाला जे जे भोगावं लागतं ते सगळंच काही मागच्या कर्माचं नसतं. कुणाचं डोकं पित्तानं दुखतं, कुणाचं उन्हानं, कुणाचं स्वतःच्याच हलगर्जीपणानं. “सगळं उचलून मागच्या जन्मावर ढकलू नका,” सर म्हणाले, “त्या जन्मातला माणूस बिचारा जबाब द्यायलाही हजर नाही.” मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, बोलत बसलासा आन् दुसऱ्यांदा उतू गेलं की.”

पुढच्या जन्माविषयी विचारलं, तर ते आणखी खुलत. आत्माच नाही म्हणता, मग पुन्हा जन्मतं कोण, असं मी एकदा स्टाफरूममध्ये विचारलं. सरांनी दोन मेणबत्त्या मागवल्या. एक पेटवली, तिच्यावरून दुसरी पेटवली आणि विचारलं, “आता ह्या ज्योतीतून त्या ज्योतीत काय गेलं? काहीच नाही. तरी ती हिच्यामुळंच लागली की नाही?” मी विचारात पडले. तेवढ्यात नववी ‘ब’च्या हजेरीपटाचा कोपरा पेटला. तो विझवून झाल्यावर सर शांतपणे म्हणाले, “हेही हिच्यामुळंच.” मी विचारलं, “मग सर, पुढच्या जन्मी तुम्ही कोण असाल?” म्हणाले, “मी कुणीच नसेन बाई. पण माझ्या सवयी कुणाच्या तरी मानगुटीवर बसतील, त्याची मला काळजी वाटते.”

हे सगळं हसण्यावारी जाई. एकदाच मी त्यांना छेडलं, की दोन शब्दांवरून एवढं काय हटून बसायचं? सर नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, “माझ्या बापाला गावात ओंजळीत वरनं पाणी ओतायचे, बाई. का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, मागच्या जन्मीचं पाप. ओतणाऱ्याचा हात ह्या जन्मातला होता, पाप तेवढं मागच्या.”  तसं म्हणणारे लोक माझ्या माहेरच्यांसारखेच होते, हे तुम्हाला माहीत असावं.

आता मुद्द्याची गोष्ट. सरांची प्रयोगशाळा ही आमच्या शाळेची शान होती, आणि तिची शान म्हणजे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. निळ्या शाईत, छापल्यासारख्या अक्षरात. त्या चिकटवायला ते केमहून बाभळीचा डिंक आणत, तो स्वतः भिजवत, गाळत, त्यात चिमूटभर तुरटी घालत. सोलापूरच्या कोरड्या हवेत विकतच्या डिंकानं लावलेले कागद महिन्याभरात उडतात, सरांच्या चिठ्ठ्या हलत नसत. इन्स्पेक्टरसाहेबांनी एकदा त्या चिठ्ठ्यांची तारीफ केली. सरांना फार बरं वाटलं, आणि झालं! पुढच्या पौर्णिमेला डिंकाची बाटली, ब्रश आणि कात्री चित्रकलेच्या वर्गाला दान गेली.

त्यानंतरच्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटताना, कपाट आवरत असता कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाच्या बाटलीवरची चिठ्ठी, ओघळानं भिजून सुटलेली, सरांच्या हातात आली. डिंक जवळ नव्हता. चित्रकलेच्या वर्गाला कुलूप होतं. सरांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि सोमवारी लावू म्हणून घरी गेले.

सोमवारी पहिल्याच तासाला नववीचं प्रॅक्टिकल होतं. नागमणी नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरची. वडील मागावर आणि आई विड्या वळायची. घरात दहावीपर्यंत पोहोचू पाहणारी ती पहिली. तिच्या डोळ्यात खडूची भुकटी गेली. समोर बिनचिठ्ठीची, स्वच्छ पाण्यासारखी दिसणारी बाटली होती. तिनं तळहातावर ओतून डोळ्याला लावलं.

तिची किंकाळी मी वरच्या मजल्यावर ऐकली. खाली येते तो सरांनी तिला व्हरांड्यात आडवं केलं होतं आणि पिण्याच्या पाण्याच्या माठातून तांब्यानं तिच्या उजव्या डोळ्यावर सतत धार धरली होती. नळाला पाणी नव्हतं. एक माठ संपला, दुसरा संपला, तिसरा मावशींनी ओढत आणला. तोंडानं सर एकच म्हणत होते, “उघडा ठेव बाळ, डोळा उघडा ठेव.” मग रिक्षानं सरकारी दवाखान्यात. डॉक्टरांनी, डोळा हलू नये म्हणून, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि सांगितलं, आठ दिवसांनी कळेल. दिसेल का, हे कुणी बोलेना.

त्या आठवड्यात मुख्याध्यापिका रजेवर होत्या आणि शाळा माझ्याकडं होती. मंगळवारी संस्थेला अहवाल मला लिहायचा होता. तुम्हाला ठाऊक आहे, मी अहवाल नीट लिहिते. मी लिहिलं, की विद्यार्थिनीनं शिक्षकांना न विचारता बाटली उचलली, शिक्षकांनी तत्काळ उपचार केले, वगैरे. सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“बाई, ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही,” ते म्हणाले, “पण सगळं मिळून खोटं आहे.”

“सर, नोकरी जाईल.”

“चिठ्ठी माझ्या खिशात होती, हे लिहा.”

वैनी बाहेर बाकावर बसून होत्या. त्या आत आल्या आणि नवऱ्याकडं न बघता मला म्हणाल्या, “इचारा त्यास्नी, नोकरी गेली तर ती बी आसक्तीच म्हनायची का? दोन पोरं हाईत.” सर चिठ्ठीच्या खिशावर हात ठेवून उभे राहिले.  मग वैनींनीच पदरानं तोंड पुसलं. “लिवा बाई. न्हाय लिवलं तर ह्यो मानूस घरात बसून मला खाईल.” मी अहवाल पुन्हा लिहिला. माझ्या आयुष्यातला तो एकच अहवाल, ज्यात खाडाखोड आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सर दवाखान्यात गेलो. नागमणीची आई खाटेपाशी जमिनीवर बसली होती. आम्हाला बघून तिनं हात जोडले. “काय करायचं सर. पोरीचं कर्म. मागच्या जन्मात कुणाचे डोळे काढले असतील की हिनं. तुमी तर वाचवलं. तुमचा काय दोष?”

मी मान्य करते, माझ्या मनात आलं, सुटलो. इतक्या सहज ती बाई सरांना मोकळं करत होती. सरांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेली नागमणी खाटेवरून हळू आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही म्हणता ना सगळं मागचं नसतं. मग मी काय केलं होतं?”

सर खाटेशेजारी जमिनीवर बसले. खिशातून ती चिठ्ठी काढली. इतके दिवस ती त्यांच्या खिशातच होती. “काही केलं नाहीस,” ते म्हणाले, “हे मागच्या जन्मीचं नव्हे गं, शनिवारचं आहे. आणि तुझं नाही, माझं आहे. बाटलीवरची चिठ्ठी पडली होती. मी ती बघितली आणि खिशात घातली. मला आसक्ती सोडायची होती, मी काळजी सोडली. मी मूर्ख आहे. पण तू पापी नाहीस.”

 आई उठली, आणि जी सुरू झाली! निम्मं मराठी, निम्मं तेलुगू. “मग बघितलं तवा काय झोपला होता का? मास्तर हाय का कोन हाय? तीन दिवस मी पोरीला शिव्या घालतेय, पापी म्हणतेय, आन् चिठ्ठी तुमच्या खिशात?” शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. सर हात जोडून ऐकत होते. तेलुगू त्यांना कळत नव्हतं, तरी तेही ऐकलं. तीन दिवस नुसती रडत बसलेली बाई पहिल्यांदा चिडली होती, आणि तिची मुलगी, पट्टीच्या आत, पहिल्यांदा हुंदके देऊन रडली. डॉक्टर ओरडले, डोळ्याला ताण नको. पण ते रडणं थांबवायचं मला धैर्य झालं नाही. दमल्यावर आई म्हणाली, “उद्या येताना घरची भाकरी आणा. हितलं ती खात न्हाय.”

वैनी रोज भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जात. सर रोज खाटेशी बसून नववीचं पुस्तक मोठ्यानं वाचत, भूगोलसुद्धा. पुढच्या मंगळवारी पट्टी निघाली. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून विचारलं, “किती बोटं?” नागमणीनं डोळे किलकिले केले आणि म्हणाली, “दोन. आणि सर रडतायत.” मी पर्समधून रुमाल काढला, तो सरांना देण्यासाठी, पण दिला नाही, मलाच लागला.

संस्थेनं नोकरी घेतली नाही, लेखी ठपका दिला. सरांनी तो कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला, चारी कोपरे घट्ट. त्यासाठी ते चित्रकलेच्या वर्गात गेले होते. “बाई, माझी आसक्ती परत द्या,” म्हणून तिथल्या बाईंकडून डिंकाची बाटली मागून आणली. पौर्णिमेचा नेम मोडला नाही, पण देण्यापूर्वी ते वैनींना विचारू लागले. वैनींनी पहिल्या महिन्यात पंखा परत आणवला.

नंतर सर निवृत्त होऊन केमला गेले. मी एकदा भेटायला गेले होते. अंगणात बाजेवर बसले होते, वाळले होते. म्हणाले, “बाई, आता सोडायला काही उरलं नाही, म्हणून ही हिच्याशी भांडायची सवय सोडतोय.” आतून वैनी ओरडल्या, “व्हय, सोडा की! मग मी कुनाशी भांडू?” पुढच्या हिवाळ्यात सर गेले, आणि वर्षाच्या आत वैनी. त्यांच्या सवयी कुणाच्या मानगुटीवर बसल्या ते मला माहीत नाही. शोधावंसं मात्र कधीकधी वाटतं.

शाळेची जुनी इमारत पाडली, प्रयोगशाळाही गेली. नागमणी सोलापुरातच आहे. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. वाचायला चष्मा लागतो, पण दोन्ही काचांचा नंबर सारखाच आहे.