शिशाची नळी

कोकणातून मंगरूळपीरला आलो तेव्हा माझ्याजवळ दोनच गोष्टी होत्या. सातवी पास झाल्याचा दाखला आणि तळहातांना सुटणारा घाम. दाखल्याचा कुठे उपयोग झाला नाही. घाम मात्र रोज माझ्यासोबत कामावर यायचा.

काम टेलिफोनच्या जमिनीखालच्या केबलचं होतं. सत्तरच्या दशकातली ती केबल म्हणजे बाहेरून शिशाचं वेष्टण आणि आत कागदात गुंडाळलेल्या तांब्याच्या तारांच्या जोड्या. दोन टोकं जोडायची तर एकेक तार तिच्या जोडीदाराशी पिळायची, पिळावर कागदाची बारीक नळी सरकवायची, सगळ्यावर गरम मेण ओतायचं आणि शेवटी शिशाची मोठी नळी जोडावर ओढून तिची दोन्ही तोंडं झाळून टाकायची. आतल्या कागदाला ओल अजिबात चालत नाही. आणि हे काम कुणाकडे, तर कुणी नाव विचारलं तरी ज्याला आधी हात पुसावे लागत, त्याच्याकडे.

आमचे मिस्त्री शेलूबाजारचे. घरातले पहिले पगारदार, खात्यात कायम. येताजाता भेटणाऱ्यांना जयभीम करत सायकल चालवायचे आणि डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे ठेवायचे. मी हंगामी होतो. मला ठेवायचं की गावाकडच्या गाडीत बसवायचं, हे साहेब त्यांनाच विचारणार होते. तिकडे आईने वाडीभर सांगून ठेवलं होतं की मुलगा टेलिफोनात आहे. मी परत गेलो असतो तर तिला घरोघरी जाऊन ते वाक्य मागे घ्यावं लागलं असतं.

पहिला जोड मी एकट्याने करायचा ठरलं. खड्डा गावाबाहेर एका भाजीच्या वाडीच्या बांधाला लागून होता. मिस्त्री मेणाचं भांडं स्टोव्हवर चढवून दुसऱ्या टोकाकडे निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "वल्ला हात लावशीन त साऱ्या गावाच्या कानात खरखर होईन."

मग काय! मी तार धरायच्या आधी हात पुसायचो, धरल्यावर पुसायचो. श्वासाची वाफ कागदावर पडेल म्हणून तोंड फिरवून पीळ द्यायचो. वाडीतल्या काकू मेथीच्या जुड्या बांधत हे सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काहून तोंड फिरवून राह्यले भाऊ? वास येते का?" मी कारण सांगितलं. त्यांनी लगेच नवऱ्याला हाक मारून वांग्यांचं पाणी थांबवायला लावलं आणि धुतलेलं एक फडकंही आणून दिलं. शिसं कुणी उचलून नेईल ही माझी आणखी एक काळजी. म्हणून मोठी नळी मी त्यांच्याकडे सांभाळायला दिली. त्यांनी ती पोत्याखाली झाकली आणि तिच्याजवळ बसून राहिल्या.

दिवस कलला तेव्हा शेवटची जोडी झाली. एकही कागद ओला नव्हता. मी कमरेवर हात ठेवून स्वतःच्या कामाकडे बघत होतो, तेवढ्यात काकू नळी घेऊन आल्या. "घ्या भाऊ. कोनाले हात लावू देला नाई."

ती नळी पहिली तार पिळायच्या आधी केबलवर चढवून मागे सरकवून ठेवायची असते. आता दोन्ही केबली एक झाल्या होत्या. सदऱ्याची सगळी बटणं लावून झाल्यावर बनियन हातात राहावं, तसा मी उभा होतो.

"आता हे कुठून घालता?" काकूंनी विचारलं.

केबलचं मोकळं टोक आता थेट गावातल्या एक्स्चेंजमध्येच होतं, मी तिकडे बोट केलं. त्यांनी तिकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "लांब पडन."

मिस्त्री आले. माझ्या हातातली नळी बघून त्यांना काही सांगावं लागलं नाही. मीच घाईघाईने म्हणालो की नळी उभी चिरून जोडावर बसवू, चीर झाळून टाकू. त्यांनी मान हलवली. इथे रोज वाडीला पाणी सुटतं, चीर कधीतरी उघडणारच. जोड कापून पुन्हा करायचा. मग मी, धीर होता तेवढा गोळा करून, म्हणालो की साहेबांना सांगून दुसरा माणूस मागवा.

ते बांधावर बसले. सावकाश पाय सैल केले.

"दुसरा आनला त त्याले एकडाव इसरू द्या लागन," ते म्हणाले. "तुहं होऊन गेलं."

मी दिवसभराचं काम कात्रीने तोडलं. मिस्त्री खड्ड्यात माझ्यासमोर उतरले. उजेड जायच्या आत संपवायचं म्हणून मी झटकन पहिली तार उचलली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, पुन्हा घामच.

"भाऊ," बांधावरून काकू म्हणाल्या, "नळी."

मी ती चढवून मागे सरकवेपर्यंत मिस्त्रींनी नजर हलवली नाही. पुढच्या महिन्यात मला जवळच्याच मालेगावच्या कामावर धाडलं. मिस्त्रींनाही माझ्यासोबत पाठवलं होतं. का, ते मी विचारलं नाही.