डेमोचा धडा

निवृत्तीनंतर पुष्कळ केसेस डोक्यातून गेल्या, ही एक मात्र आजही आठवते, आणि आठवली की मन खट्टू होतं. नावं कोणाचीच सांगत नाही.

जबलपुरात ओमतीच्या बाजाराजवळच्या ठाण्यात मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात पन्नाशीला आलेल्या एक मराठी बाई आल्या. खासगी शाळेत विज्ञान शिकवायच्या. आपले धडे चोरीला गेले, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारी लिहून घेणारा मुंशी हसला. मी त्याला गप्प केलं आणि बाईंना खुर्ची दिली.

बाईंना परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी हवी होती. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. एकदा तरी चांगल्या प्रयोगशाळेत शिकवायचं, एवढीच हौस. इंटरनेटवर जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला. तिकडच्या प्राचार्या व्हिडिओ कॉलवर मुलाखत घ्यायच्या, पण स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून. त्यांनी एका धड्याचा डेमो मागितला. आवडला म्हणाल्या आणि आणखी एक मागितला. असं करता करता बाईंनी घरी भिंतीवर फळा टांगून दहावीचं अख्खं विज्ञान मोबाईलपुढे शिकवून टाकलं. 'तुमचं नक्की समजा' असं ऐकल्यावर इथल्या नोकरीचा राजीनामाही दिला. त्यानंतर प्राचार्यांचा नंबर बंद.

मग बरगीकडच्या गावातून एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "दीदी, तुम्ही कोचिंगमध्ये लागल्या का? माझी पोरगी मोबाईलवर तुमचेच व्हिडिओ पाहून शिकून राहिली."

ते व्हिडिओ एका कोचिंग क्लासच्या ॲपवर होते, पण ॲपवर पत्ता नव्हता. सायबर शाखेला पत्र गेलं, उत्तर कधी येईल ते देव जाणे. मी बाईंचा जबाब पुन्हा घेतला. माझा अनुभव असा, की तक्रारदार महत्त्वाचं सांगतो ते उठता उठता. बाईंनीही पर्स उचलली आणि म्हणाल्या, "एक गंमत होती, साहेब. आमच्याकडे लाईट गेली की मॅडमचा कॉल कटून जायचा. मी मोबाईलच्या नेटवर, तर माझा चालूच. लाईट आली की मॅडम परत हजर. म्हणायच्या, इकडे वादळ चालू आहे."

"तुम्हाला शंका नाही आली, ताई?"

"आली असती. पण मला जायचं होतं ना."

परदेशातली शाळा बाईंच्याच मोहल्ल्यात होती. त्यांच्यासोबत कोणत्या गल्ल्यांची वीज जाते, ते वीज कार्यालयात विचारलं. त्यातल्या एका गल्लीत कोचिंग क्लासची पाटी सापडली. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. मागच्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर आमच्या बाई चुंबकत्व शिकवत होत्या.

क्लास चालवणारा तिशीचा, बोलायला गोड. बराच वेळ कानांवर हात ठेवून बसला. विजेची गोष्ट काढली तेव्हा त्याची बायको रडू लागली. प्राचार्या तीच होती. अशाच आणखी काही शिक्षकांचे डेमोही त्यांनी जमवले होते.

"सर, हमने किसी से कुछ छीना क्या?" तो म्हणाला. "उन्होंने पढ़ाया, बच्चों ने पढ़ लिया. नुकसान किसका हुआ?"

"उनकी नौकरी गई."

"इस्तीफ़ा हमने थोड़े ही दिलवाया."

चोरी नाकारणारे मी खूप पाहिले. त्यांची सवय होते. पण चोरी झालीच नाही असं मनापासून मानणाऱ्यापुढे माणूस थकतो. त्या दिवशी मी थकलो. फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, पंचनामा करून संगणक जप्त केला. वर्तमानपत्रात आमचं कौतुक छापून आलं.

काही महिन्यांनी बाई बाजारात भेटल्या, हातात भाजीची पिशवी. घरीच शिकवण्या घेत होत्या.

"एका शाळेतून बोलावणं आलं होतं, साहेब. बाहेरचीच, पण खरी. मुलीनं सगळी चौकशी केली."

"अच्छा! मग केव्हा निघताय?"

"डेमो मागितला त्यांनी. फळा टांगला, मोबाईल लावला, अन् तोंडच उघडेना. काहून ते मलाच समजून नाही राहिलं."

गुन्हा उघडकीस आला म्हणजे नुकसान भरून आलं, असं मी नोकरीभर समजत होतो. चोरीचा माल न्यायालयाच्या हुकमानं मालकाच्या हाती देताना समाधान वाटायचं. बाईंचे व्हिडिओही आम्ही त्यांना रीतसर परत केले. त्यांनी ते अजून एकदाही उघडून पाहिलेले नाहीत.