चीक आटेपर्यंत

गॅलरीत एक बुटका युफोर्बिया आहे. बारा महिने हिरवा, आणि काटेही बारा महिने. आज सकाळी त्याची फांदी कापली, तर पांढरा चीक भळभळा वाहू लागला. मी लगेच दुसऱ्या कुंडीत माती भरायला घेतली, तेवढ्यात शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून ओरडल्या, "अगं, आत्ताच नको लावूस! आठ दिवस सावलीत पडू दे. चीक आटू दे, जखम सुकू दे. ओली लावलीस तर कुजेल."

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याने मला तिच्या गावी नेलं आणि शाळेत घातलं. "लहान आहे, रुळेल," असं सगळेच म्हणाले. थोडं थांबा, असं कुणीच म्हणालं नाही. आत्या अजूनही चारचौघांत सांगते, "बघा, कशी छान रुळली आमच्याकडे!" मी हसते. कूज बुडाशी असते, वरची पानं बरेच दिवस हिरवीच दिसतात.

फांदी सावलीत ठेवली आहे. झाडांचं माणसांना किती कळतं!