साठीचं अक्षर

त्या आठवड्यात तान देशुनचा पाय घरात ठरेना. चुलीपाशी जाई, अंगणात येई, पुन्हा खाटेपाशी. खाटेवर त्याची बायको चिनशिआ. डॉक्टरांनी हात टेकून तिला घरी पाठवलं होतं. ती एकोणसाठची. नववर्ष उजाडलं की आमच्याकडे सगळ्यांचंच वय एकदम वाढतं, म्हणजे ती साठीची होणार. तेवढं तिनं काढावं, एवढंच त्याला हवं होतं.

कारण देशुन शवपेट्या रंगवणारा. काळ्या लाखेवर, डोक्याकडच्या फळीवर सोनेरी 'शोउ' हे अक्षर काढावं तर त्यानेच. शोउ म्हणजे दीर्घायुष्य. फार जुन्या काळी लोक ते काशाच्या भांड्यांवर ओतून घेत. पुढे ते म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाच्या पावांवर आलं, अखेरच्या कपड्यांवर आलं, पेटीवर आलं. साठीच्या आत गेलेल्याला मात्र देशुन ते काढून देत नसे. या बाबतीत गडी भलताच हेकट.

"येरझारा घालू नका हो, मला गरगरतं," चिनशिआ म्हणाली. "आणि ऐका, मी आधीच गेले तर फळी कोरीच ठेवायची."

"गप पड. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"कुओ वहिनींना काय तोंड दाखवाल? त्यांच्या माणसाला नाही म्हणालात ना?"

शेजारचा कुओही एकोणसाठाव्या वर्षीच गेला होता. देशुन पुन्हा अंगणात गेला.

नववर्षाच्या आदल्या सकाळी, गावभर दारांना लाल कागद लागत असताना, चिनशिआ गेली.

देशुन फळी पुसतच राहिला. कोरी फळी बघवेना आणि ब्रश उचलायची लाज वाटे. तेवढ्यात कुओ वहिनी आल्या.

"काढा की, भाऊजी."

"साठ कुठे भरली, वहिनी?"

"एक वर्ष आभाळाचं, एक धरणीचं. गेलेल्या माणसाच्या वयात ही दोन वाढीव धरतातच. मी तेव्हाही हेच म्हणाले होते. तुम्ही हसला होतात."

त्यांनीच ब्रश सोनेरी रंगात बुडवून त्याच्या हातात दिला. देशुननं अक्षर काढलं, शेवटची रेघ वाकडी गेली. ती त्यानं तशीच ठेवली.

माती देऊन झाल्यावर लोक जेवायला वळले. देशुन मात्र उरलेला रंग घेऊन कुओच्या थडग्याकडे चालू लागला.