टाचणीचं वाचन

पोरांनी आपलं नाव कटकटबाई ठेवलंय, हे बाईंना ठाऊक होतं. "बरोबरच आहे," त्या म्हणायच्या, "कटकट केल्याशिवाय या शाळेत खडूसुद्धा मिळत नाही." त्यांचा वर्ग तिसरीचा. कुणाचे आईबाप बांधकामावर, कुणाचे कारखान्यात, घरोघरी भाषा वेगळी आणि पुस्तक मात्र सगळ्यांना एकच. वरून हुकूम असा, की सगळ्यांनी एकाच वेगाने वाचायचं. अरे, पोरांच्या पायातल्या चपला तरी एका मापाच्या आहेत का?

त्यांचा खरा जीव होता टाचणीवर. अंगाने टाचणीएवढी, म्हणून टाचणी. शाळेत आली तेव्हा पुस्तक हातात घ्यायलाही घाबरायची. बाईंनी मधल्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने तिला अक्षरं गिरवायला लावली. आता ती गोष्टीची पुस्तकं घरी नेऊन आजीला वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करताना एवढंच सांगायची, "आजी हसली."

आणि आता वाचन मोजायला साहेब येणार होते. एका मिनिटात ठरलेले शब्द वाचले तर पोर वर्गात राहणार, नाहीतर मागच्या खोलीत जाणार. मागच्या खोलीत चित्रं रंगवायची आणि घंटेची वाट बघायची. तिथे गेलेलं एकही पोर परत आलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांना झोप लागेना. सासूबाई वैतागल्या, "एका पोरीसाठी एवढा जीव कशाला आटवतेस गं?"

"मग किती पोरींसाठी आटवू, तुम्हीच सांगा!"

साहेब आले, घड्याळ टेबलावर ठेवलं. टाचणीचा नंबर लागला तशी ती पुस्तक धरून बाईंच्या मागे सरकली. बाई तिच्या कानाशी वाकल्या. "घाबरू नकोस गं. आजीला वाचून दाखवतेस ना? अगदी तसंच वाच."

टाचणीचा चेहरा खुलला. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खडाखडा सुरू झाली, हातवारे करत, गाढवाचा आवाज काढत. पण शब्द सगळे घरच्या भाषेतले! आजीला शाळेची भाषा येत नव्हती. मग तिला वाचून दाखवायचं म्हणजे डोळ्यांनी एका भाषेत वाचायचं आणि तोंडाने दुसरीत सांगायचं. बाईंनी हे कधी विचारलंच नव्हतं.

साहेबांनी घड्याळ थांबवलं. "शून्य."

"शून्य? अहो साहेब, मागच्या बाकावरचे ते दोघे हसले ते काय उगीच? तिच्याच गल्लीतले आहेत. गाढवाने पाहुण्याची टोपी खाल्ली तिथे हसले, आणि हिचं बोट त्याच ओळीवर होतं! असं बघता बघता भाषा बदलून तुम्हाला वाचता येईल? मला तर नाही येणार."

"बाई, मी छापलेले शब्द मोजतो. हसणं लिहायला माझ्या कागदावर जागा नाही."

"मग करा की जागा!"

"ते माझ्या हातात आहे का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. भांडायचं तरी कुणाशी? हा माणूसही हुकमाचा ताबेदार. पण कटकटबाई हे नाव काय फुकट मिळालं होतं? त्या साहेबांच्या इतक्या मागे लागल्या, की सुट्टीनंतर आणखी एकदा ऐकतो म्हणून त्यांनी सुटका करून घेतली.

सुट्टीत बाईंनी टाचणीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "हे बघ, गोष्टबिष्ट विसर. अर्थ राहू दे. छापलंय तसं धडाधड म्हणायचं. थांबायचं नाही, कुणाला हसवायचं नाही." सगळी नोकरी पोरांना याच्या अगदी उलट सांगण्यात गेली होती. बाईंना स्वतःचीच चीड आली.

सुट्टीनंतर टाचणीने साहेबांसमोर मान खाली घालून वाचलं, एका सुरात. टोपी आली आणि गेली, गाढव आलं आणि गेलं. मागच्या बाकावरचे दोघे खिडकीबाहेर बघत होते.

"बघा, येतंय की!" साहेब खूश झाले. "उगाच भांडलात. राहू दे तुमच्याच वर्गात."

बाईंचा जीव भांड्यात पडला. साहेब सामान आवरून दाराकडे गेले. तेवढ्यात टाचणी पुस्तक छातीशी धरून जवळ आली.

"बाई, आता आजीलाही असंच वाचून दाखवायचं?"

"खबरदार!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की साहेबसुद्धा दचकून वळले.

"पण आजीला वाचते ते चुकलं होतं ना?"

बाईंनी साहेबांकडे हात केला. "ते बघ, अजून दारातच आहेत. जा, त्यांनाच विचार."

टाचणी खरंच गेली आणि तिने विचारलं. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं.