कुमुदबाईंच्या कानटोप्या

शाळेतल्या बाई गेल्याचा फोन वर्गमित्र शब्बीरनं केला. मी नुकतं दूध तापत ठेवलं होतं. "कुमुदबाई गेल्या गं... झोपेतच," तो म्हणाला. दूध उतू गेलं ते मला वासावरून कळलं. दुपारी नगरला पोचले तर बाईंच्या ओट्यावर आमच्या वर्गातली पाच-सहा जणं बसलेली, सगळे साठी उलटलेले, आणि हसून हसून एकेकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं. शेजारच्या घरातून एक गृहस्थ डोकावून गेले. मयताच्या घरी हे काय चाललंय, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण शब्बीरनं डांगराची गोष्ट काढली होती, आणि ती निघाल्यावर गंभीर चेहरा करून बसणं आमच्यापैकी कुणालाच जमलेलं नाही. बाईंना तरी कुठे जमायचं? त्याला आता महिना होऊन गेला. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

भिंगारला लष्कराच्या कॅम्पाच्या कडेला आमची प्राथमिक शाळा होती. कौलारू, दोन खोल्यांची. निम्मी मुलं गावातली, निम्मी फौजी लोकांची. मी फौजी मुलांत मोडायचे. आमचं मूळ गाव शेवगावकडचं, पण वडील सैन्यात लागल्यावर आई मला घेऊन भिंगारला दोन खोल्यांत राहायला आली. कुमुदबाई आम्हाला दुसरीला होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की सायकलला घंटी नसूनही त्यांचं कधी अडलं नाही. "बाजूला व्हा रे!" एवढं म्हटलं की म्हशीसुद्धा रस्ता सोडायच्या. शिकवताना कडक, पण एखादं मूल उगाच गप्प बसलेलं दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. लगेच त्याला काहीतरी काम लावायच्या. फळा पूस, माठ भर, माझा चष्मा शोध. चष्मा बहुतेक वेळा त्यांच्या डोक्यावरच असायचा.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यानंतर कॅम्पातून गाड्या भरभरून जाऊ लागल्या. एकामागून एक मुलांचे वडील सीमेवर गेले. माझे तर आधीपासूनच तिकडे पूर्वेला होते. मंजूर झालेली रजा दोनदा रद्द झालेली. वर्गातली फौजी मुलं एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. मारामाऱ्या बंद, खोड्या बंद. बाईंना ही शांतता मुळीच आवडली नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या सायकलच्या कॅरियरला लोकरीचं भलंमोठं गाठोडं बांधून आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बाबांना थंडी वाजत असेल. आपण कानटोप्या विणायच्या."

यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे बाईंना विणता येत नव्हतं. दुसरी म्हणजे खाकी लोकर मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी वांग्याच्या रंगाची आणली होती. पहिली अडचण एका पंजाबी सुभेदाराच्या बायकोनं सोडवली. तिला मराठी येत नव्हतं आणि बाईंचं हिंदी ऐकवत नव्हतं, तरी दोघी एकमेकींच्या हातावर चापट्या मारत शिकल्या. मोठ्या वर्गातल्या मुलामुलींनी विणायचं, आया घरी मदत करणार, आम्ही धाकट्यांनी माप आणायचं आणि लोकर धरायची. मुलग्यांनी कुरकुर केली तेव्हा बाई म्हणाल्या, "थंडी काय मुलगी बघून वाजते?" टांगेवाल्याचा शब्बीर मात्र वेगळ्याच कारणानं रुसला. "आमच्या अब्बांना थंडी वाजत नाही का? ते पण पहाटे घोडा जुंपतात." बाईंनी त्यालाही लोकर दिली.

आता प्रश्न मापाचा. वडील सगळे दूर, आणि त्यांचं डोकं केवढं हे विचारलं की प्रत्येक जण हवेत हात पसरून दाखवायचा. मग बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्या आम्हाला रांगेनं भाजीबाजारात घेऊन गेल्या. नेवाशाकडून आलेली एक शेतकरीण लाल डांगरांचा, म्हणजे भोपळ्यांचा, ढीग लावून बसली होती. बाई म्हणाल्या, "ज्याच्या त्याच्या बाबांच्या डोक्याएवढं डांगर शोधा." झालं! सगळी पोरं त्या ढिगावर तुटून पडली. कुणी डांगराला मिठी मारून बघतंय, कुणी डोळे मिटून चाचपतंय. "आमच्या बाबांचं याच्यापेक्षा मोठंय!" "आमच्यांचं मागं चपटं आहे!" ती शेतकरीण आधी घाबरली, मग हसत सुटली. "अवो बाई, डांगराची शाळा काढली व्हय तुमी? इकत घ्यायचं न्हाई तर पोरं काय बघायल्यात?" बाईंनी सांगितल्यावर मात्र तिनं पदर खोचला आणि स्वतः ढीग उपसायला लागली. "घ्या माय, घ्या. बापाचं डोस्कं हाय, नीट बघून घ्या." बाई डांगराभोवती लोकर फिरवून गाठ मारायच्या, की झालं माप.

मी मात्र कडेला उभी होते. एकाही डांगराला मी हात लावला नाही. बाईंनी विचारलं, "तुझं कोणतं गं?" मी म्हटलं, "आमच्या बाबांचं डोकं टोपीत असतं." घरी भिंतीवर त्यांचा फोटो होता, गणवेशातला, टोपी घातलेला. तेवढेच बाबा मला माहीत होते. ते तिकडे पूर्वेला गेले तेव्हा मी फार लहान होते. टोपीखाली काय आहे, हसताना ते कसे दिसतात, यातलं काही मला आठवत नव्हतं, आणि हे आईला कळलं तर तिला किती वाईट वाटेल या भीतीनं मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंना ते त्या एका वाक्यात कळलं. त्या खाली बसल्या, माझ्या हातात लोकरीचा एक अख्खा गुंडा दिला आणि म्हणाल्या, "तुझी टोपी राहू दे. बाबा आले की खरं माप घेऊ." आले की, म्हणाल्या. आले तर, असं नाही. मी तो गुंडा दप्तरात ठेवला आणि रोज घरी नेऊन रोज परत आणला.

टोप्या गेल्या, आणि लगेच डिसेंबरात युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लागले. शाळा सुटल्यावर बाई आम्हाला एकटं घरी पाठवायच्या नाहीत. आया येईपर्यंत गोष्टी सांगत बसायच्या. तारवाला रस्त्यानं दिसला की वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि तो वळून गेला की बाई उगाचच मोठ्यानं शिंकायच्या. आमच्या वर्गातल्या कुणाच्या घरी तार आली नाही. शेजारच्या आळीत आली... तिथे बाई किती तरी दिवस शाळेनंतर जाऊन बसत होत्या.

युद्ध संपल्यावर एक हवालदार रजेवर आला आणि शाळेत निरोप द्यायला उभा राहिला. "बाई, टोप्या लई ऊबदार हायेत. फक्त घातल्यावर समोरचं काय दिसत न्हाई. एका टोपीत आमी कांदे ठिवतो." बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं. मुलांना कुणी दोष दिला नाही. त्यांच्या लेखी बापाचं डोकं तेवढंच मोठं होतं.

माझे बाबा उन्हाळ्याच्या तोंडावर आले. मी दाराआड लपले. अंगणात उभा असलेला माणूस काळा, हडकुळा होता, फोटोतला नव्हता. मी त्यांना 'ते' म्हणायचे. त्यांनी आणलेला खाऊ आईनं हातात दिला तरच घ्यायचे. त्यांच्याजवळ बसायचं म्हटलं की आईच्या पदरात शिरायचे. रजा संपत आली. आई चिडायची, बाबा तिला गप्प करायचे. शेवटी ते शाळेच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "बाई, पोरगी जवळच येईना. मी आता परत गेलो तर ती मला कायमची इसरंल." बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या वर्गात या. डोक्याला तेल लावू नका, लोकर खराब होते."

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्यात बस्करावर मांडी घालून बसले. बाई मला म्हणाल्या, "काढ तो गुंडा. तुझं माप राहिलंय." सगळा वर्ग बघत होता. बाबांनी मान खाली घातली. मी लोकर त्यांच्या डोक्याभोवती फिरवली, ती निसटली, मग डाव्या हातानं त्यांचं डोकं धरावंच लागलं. केस राठ होते, आणि मागच्या बाजूला दोन भोवरे होते. माझ्या डोक्यावरही दोन आहेत. वेणी घालताना आई रोज वैतागायची, "हे कुणाचं घेतलंस कुणास ठाऊक," म्हणायची आणि स्वतःशीच हसायची. तिचं हसू मला त्या क्षणी कळलं. मागून शब्बीर ओरडला, "दोन भोवरे! यांची दोन लग्नं होणार!" बाबा खदाखदा हसले, डोकं हललं, लोकर पुन्हा सुटली, आणि मी चिडून म्हटलं, "बाबा, हलू नका ना!"

ते हलले नाहीत. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि कोरा फळा बराच वेळ पुसला.

माझी टोपी तेवढी बरोबर बसली. त्यानंतर बाबा प्रत्येक रजेला आले की ट्रंक खाली ठेवायच्या आधी ओट्यावर बसायचे आणि माझ्यापुढे मान वाकवायचे. "घे माप." माझ्या लग्नाच्या दिवशीही मांडवाच्या दारात फेटा काढून तेच केलं. वऱ्हाडी बघतच राहिले. बाई पंगतीतून ओरडल्या, "आता केस गेलेत, लोकर कमी लागेल!"

बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, माझ्याकडेच असतात. बाईंना पोचवून मी संध्याकाळी घरी आले. दिवसभर इतकं हसले होते की रडायचं राहूनच गेलं होतं. बाबांनी काठी भिंतीला टेकवली, पायरीवर बसले, टोपी काढली आणि मान वाकवली. डोक्यावर केस उरलेले नाहीत, भोवरे तर कधीच गेले. मी दोन्ही हातांनी ते डोकं धरलं आणि मग मला आवरेना. बाबा तसेच, न हलता बसून राहिले. खूप वेळानं म्हणाले, "रड बाळा. मला न्हाई येत समजूत काढता. बाईंनी एवढंच शिकवलंय."