टाचण्या बाजूला ठेवून

माझी धाकटी बहीण शिवणाच्या कारखान्यात कपड्यांचं फिटिंग करते. तिथल्या सगळ्या बायकांसारखीच, टाचण्या ओठांत धरून. काम करता करताच ती रॅप रचायची. त्याचा अल्बमही केला, आवाज घुमू नये म्हणून कपाटातल्या कपड्यांत डोकं खुपसून रेकॉर्ड केलेला. मला रॅप म्हणजे चालीवरचं भांडण वाटतं, पण तिच्या हट्टापुढे कुणाचं चाललंय!

त्यातलं एक गाणं आईवर होतं. वडील गेल्यावर आईने धाकटीला शाळेतून काढून कामाला लावलं आणि मला शिकवलं. हे आईच्या तोंडावर बोलायची धाकटीची कधी हिंमत झाली नाही, म्हणून तिने ते गाण्यात घातलं.

अल्बम आला आणि कारखान्यातल्या बायकांनी तो डोक्यावर घेतला. बाहेरच्यांचं म्हणणं मात्र एकच: ताल झकास, पण शब्द कळत नाहीत. एकाने तर विचारलं, ही भाषा कुठली? आईने तिच्यावरचं गाणं मान डोलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “चाल छान आहे हो.” धाकटीचा चेहरा पडला.

घोळ मग लक्षात आला. टाचण्या धरून रचलेली गाणी ती टाचण्या नसतानाही तशीच, ओठ मिटून म्हणत होती. कारखान्यातल्या बायकांना कळली, कारण त्या सगळ्या तशाच बोलतात! मला हसू आवरेना.

“दात काय काढतेस? सगळा अल्बम परत म्हणणार आहे मी.”

“अगं, लोकांचा ऐकून झालाय.”

“आईने कुठे ऐकलाय?”

मी हसणं थांबवलं. शिकले तर मीच होते.

तिने टाचण्यांची उशी मनगटाला बांधली आणि मोकळ्या तोंडाने काम करायला लागली. सवय जाता जाईना. सुपरवायझर आवाजावरून खेकसला, जबडा ठणकला, तरी ही आपली आरशासमोर उभी राहून एकेक ओळ घोटतच होती. पुन्हा कपाटात शिरून तिने सगळी गाणी नव्याने म्हटली.

आईने ते गाणं पुन्हा ऐकलं. या वेळी मान डोलली नाही.

“चारचौघांत माझी लाज काढलीस.”

“खोटं आहे का त्यात काही?”

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

“खोटं नाही,” आई म्हणाली. “पण अर्धंच आहे. दोघींतून एकीला निवडताना माझं काय झालं, ते कुठाय यात?”

धाकटी तिच्यासमोर येऊन बसली. “सांग,” ती म्हणाली, “तेही म्हणते.”